फ्लॅटला मानवेल असं कुत्रं

छायाबाई विशे गॅलरीत पेपर वाचत बसल्या होत्या. पान उलटताना सहज मान वळली आणि बंद काचेतून त्यांना दिसलं की आपल्या घरात चार माणसं उभी आहेत. समोरच्या फ्लॅटमधली संगीता ओलं फडकं घेऊन शेगडीशी झटत होती, वॉचमन संजूच्या हातात पहार होती, आणि वरच्या मजल्यावरचे नवराबायको नाकाला रुमाल लावून खिडक्या उघडत होते. सगळं घर धुराने भरलेलं होतं. चौघांचीही तोंडं हलत होती. छायाबाईंना क्षणभर वाटलं, हे दुसऱ्याच कुणाचं तरी घर आहे आणि आपण ते बाहेरून बघतो आहोत. त्यांनी काच सरकवली तेव्हा जळक्या डाळीचा भपका आला. संगीता जवळ येऊन मोठ्याने बोलली, मग त्यांना कळलं. पंधरा मिनिटं बेल वाजवली, दार बडवलं, दोनदा फोन केला, शेवटी संजूने कडी उचकटली. छायाबाई म्हणाल्या, जरा डोळा लागला होता. पेपर त्यांच्या हातात उघडा होता आणि चष्मा डोळ्यांवर होता. संगीताने काळाठिक्कर पडलेला कुकर नळाखाली धरला, संजू कडीचे खिळे गोळा करत राहिला, आणि छायाबाई आपल्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारख्या उभ्या राहिल्या.

डावा कान सातव्या वर्षीच गेला होता. किन्हवलीजवळच्या त्यांच्या गावात तेव्हा कान वाहायला लागला की कोमट तेल घालत. तेल घातलं, कान वाहायचा थांबला आणि ऐकायचाही थांबला. तेव्हापासून माणसाच्या डाव्या हाताला चालायचं, लग्नकार्यात भिंतीकडे डावी बाजू करून बसायचं, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं की त्यात काही लपवाछपवी आहे हेही त्या विसरल्या. नोकरीच्या अर्जात त्यांनी ते लिहिलं नाही. लग्नाच्या वेळी सांगितलं नाही. नवऱ्याला महिन्याभराने आपणहून कळलं, तेव्हा त्याने फक्त झोपायची बाजू बदलली आणि सहा वर्षांपूर्वी जाईपर्यंत तो विषय काढला नाही. निवृत्तीनंतर मात्र उजवा कानही विरत चालला. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग मोबाइलची रिंग. जवळ बसून बोललेलं कळायचं, माणसाचा चेहरा दिसला तर जास्त कळायचं. शहापूरच्या डॉक्टरांनी दिलेलं यंत्र त्यांनी आणलं होतं. ते घातलं की पंख्याची गिरणी व्हायची आणि भांड्याला भांडं लागलं तरी डोक्यात घण पडायचा, म्हणून ते बहुतेक वेळ डबीतच असायचं. खरं कारण वेगळं होतं. ते कानात दिसलं असतं.

मनस्वी, त्यांची मुलगी, नाशिकला असते. तिला संगीताने कळवलं असणार, कारण संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. इकडे ये, नाहीतर मला झोप लागणार नाही, असं तिचं म्हणणं. छायाबाईंनी शहापूर सोडायला ठाम नकार दिला. तेव्हा ती वैतागून म्हणाली की मग निदान एखादं कुत्रं तरी पाळ, दाराशी कोण आलं ते तरी सांगेल, आणि थोड्या वेळाने तिने फ्लॅटमध्ये पाळण्यासारख्या कुत्र्यांची एक यादी पाठवली. छायाबाईंना बोलणं संपल्याचाच इतका आनंद झाला की त्या हो म्हणून बसल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच वही काढली. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढलेल्या हाताने त्यांनी रकाने आखले: जात, उंची, केस, फिरवणं किती, आजार, भुंकणं. पग घोरतो आणि त्याला उकाडा सोसत नाही. पॉमेरेनियन कशावरही भुंकतं. बीगल एकटं राहिलं की घर डोक्यावर घेतं. शेवटच्या रकान्यापाशी त्यांचं पेन दर वेळी अडत होतं.

सोसायटीचा सेक्रेटरी अजय हरड खालीच राहतो. त्याने सांगितलं की नियमात बंदी नाही, फक्त आमच्या बाबांना हृदयाचा त्रास आहे, तेव्हा भुंकणारं नको. छायाबाईंनी लगेच शब्द दिला, अजिबात न भुंकणारं आणते. सोबतीला हवंय, बाकी काही नाही. जिना चढताना अर्ध्यावर त्या थांबल्या. न भुंकणारं कुत्रं आणून उपयोग काय, हे त्यांच्या आत्ता लक्षात येत होतं. परत जाऊन अजयला सांगता आलं असतं. पण ते सांगायचं तर त्याच्या आधीचंही सांगावं लागलं असतं, आणि ते वाक्य त्यांच्या तोंडात उभ्या आयुष्यात तयार झालं नव्हतं. त्या कठडा धरून वर गेल्या.

पुढच्या आठवड्यात त्या मुरबाडला गेल्या. तिथे दिपाली नावाची एक बाई घरीच लहान जातीची कुत्री वाढवते असं मनस्वीनेच शोधून काढलं होतं. दिपालीचं घर स्वच्छ होतं, फरशीवर दुपटी अंथरलेली होती, आणि एका टोपलीत पांढऱ्या लोकरीच्या गुंड्यासारखं पिल्लू होतं. शिह त्झू, फ्लॅटसाठी याच्यासारखं दुसरं नाही, दिपाली सांगत होती. छायाबाईंनी वाकून त्याला उचललं. ते हाताला ऊबदार लागलं आणि त्यांना बरं वाटलं. तेवढ्यात पिल्लाने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. त्याचं इवलंसं पोट दर वेळी आत ओढलं जात होतं, सगळं अंग हिसके देत होतं, आणि छायाबाईंच्या कानापर्यंत काहीही पोचत नव्हतं. दिपालीने हसून दोन्ही कानांवर हात ठेवले, म्हणाली, आवाज तेवढा बारीक आहे पण घर हलवतो. छायाबाईही हसल्या. इतक्या जवळ, तळहातावर एक जीव जिवाच्या आकांताने काहीतरी सांगतो आहे, आणि आपण हसतो आहोत. किती वर्षं आपण असेच हसलो असू, कुणाकुणाच्या तोंडाकडे बघून. विचार करून कळवते, असं सांगून त्यांनी पिल्लू हलकेच टोपलीत ठेवलं.

शहापूरच्या एसटीत त्या डावीकडच्या बाकावर, खिडकी सोडून मधल्या वाटेच्या बाजूला बसल्या. यंत्र पर्समध्येच होतं. सरळगाव गेलं. बाहेर भात पिवळं पडून कापणीला आलं होतं. वही त्यांनी उघडली नाही. मनात त्या नाशिकच्या घराची मांडणी करत होत्या: कोणत्या खोलीत आपला पलंग, कोणत्या खिडकीशी खुर्ची, आणि मनस्वी कामावर गेल्यावर दिवसभर बंद दार. किन्हवलीला गाडी थांबली, बाजाराची माणसं चढली, आणि रिकामी बांबूची पाटी काखेत धरलेली एक बाई सरळ त्यांच्यापाशी येऊन उभी राहिली. छायाबाईंनी तिला कपाळावरच्या गोंदणावरून ओळखलं. गोदी. डोळखांबच्या वरच्या अंगाला, रानातल्या एका कातकरी पाड्यावर त्यांनी अकरा वर्षं एका खोलीची शाळा चालवली होती, तिथली. तेव्हा चौथीत होती, आता तिशी उलटलेली असेल. गोदीच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. पण ती शेजारच्या रिकाम्या जागेत शिरली नाही.

“बाई, तुमी खिडकीशी सरा.”

“वारा लागतो गं मला. तूच बस तिकडे.”

“सरा ना. मी उजव्या अंगाला बसते. तुमाला तोच कान ना.”

छायाबाई सरकल्या. गाडी सुटली. हातातली पर्स त्यांनी उगाच उघडली आणि मिटली. मग त्यांनी विचारलं, तुला कुणी सांगितलं. गोदी म्हणाली, सांगायचं काय त्यात, सगळ्यांनाच ठाऊक होतं. आणि कानाशी तोंड आणून, एकेक शब्द सुटा करत, शाळेत पाढे म्हणायची तशी ती सांगत गेली. आधी वर्गातल्या गोजरला कळलं. त्याची आई तापली होती म्हणून तो घरी जायची परवानगी मागायला आला, तीनदा विचारलं, बाईंनी मान वर केली नाही. तो मागे जाऊन रडला. दुसऱ्या दिवशी त्याने दुसऱ्या बाजूने विचारून बघितलं, तर बाईंनी लगेच हो म्हटलं. मग सगळी पोरं शाळेमागच्या खडकावर बसली आणि त्यांनी ठरवलं. बाईंशी डावीकडून बोलायचं नाही. पहिलीत नवीन पोर आलं की त्याला अक्षरांच्या आधी हे शिकवायचं. आणि शाळा तपासायला साहेब आले की ते कुठेही उभे राहून प्रश्न विचारत, बाईंना ऐकू जायचं नाही, म्हणून ज्याला विचारलं त्याने उभं राहून आधी साहेबांचा प्रश्न मोठ्याने म्हणायचा, मग उत्तर द्यायचं.

छायाबाईंना ते साहेब आठवले. प्रश्न पुन्हा म्हणून मग पूर्ण वाक्यात उत्तर देण्याची विद्यार्थ्यांची सवय अत्यंत स्तुत्य, असं त्यांनी शेरेबुकात लिहिलं होतं. शिक्षकांच्या पुढच्या केंद्र संमेलनात छायाबाईंना उभं करून सांगायला लावलं होतं की ही पद्धत तुम्ही कशी रुजवली. आणि त्यांनी सांगितलं होतं, पंधरा मिनिटं, खडूने फळ्यावर मुद्दे काढून. बदली झाल्यावर नव्या शाळेत पोरं तसं करत नाहीत म्हणून त्या चिडायच्याही. आता एसटीच्या खिडकीतून आत येणाऱ्या वाऱ्यात त्यांना ती तेवीस पोरं दिसत होती, नाकं ओली, पाय धुळीने माखलेले. वीटभट्टीच्या हंगामात अर्धीअधिक गायब व्हायची आणि शेवटी शेवटी परत यायची. त्यांना घरी जाऊन आणायला त्या चढ चढून एकेका झोपडीपर्यंत जात, आणि आपण यांना सांभाळतो आहोत असं त्यांना वाटत असे.

“मला कधी सांगितलं का नाही गं?” त्यांनी विचारलं.

गोदी म्हणाली, “तुमी सांगत नव्हता ना. मंग आमाला वाटलं, बाईंना सांगायचं नसंल.”

छायाबाईंनी पदराने चष्मा पुसला. रडू येईल असं वाटलं होतं, पण त्या बोलायला लागल्या. कुकरचं, पहारीचं, मनस्वीचं, अजयला दिलेल्या शब्दाचं, मुरबाडच्या पिल्लाचं. मला ऐकू येत नाही, हे वाक्य त्यांनी त्या प्रवासात तीनचारदा म्हटलं. तिसऱ्यांदा ते बऱ्यापैकी सोपं झालं होतं. गोदी ऐकून घेत होती. वहीतले रकाने त्यांनी तिला वाचून दाखवले तेव्हा तिला हसू आलं.

“भुकलेलं तुमाला ऐकाया नाय यायचं, बाई,” ती म्हणाली. “अंगाला लागून सांगंल असं पायजे.”

तसं एक तिच्याकडे होतं. तांबी. तिचा बाप म्हादू नाचणीच्या राखणीला शेतातल्या उंच माळ्यावर निजायचा, तेव्हा ही खाली असायची. डुक्कर आलं की भुंकली तर ते तिच्याच अंगावर येणार, म्हणून ती माळ्याला टेकवलेल्या ओंडक्यावरून वर चढून बापाला नाकाने ढोसायची, मग बाप पत्रा वाजवायचा. म्हादू मागल्या वर्षी वारला. दिवाळी झाली की गोदी आणि तिचा नवरा कोंडू भिवंडीकडे वीटभट्टीला जाणार. पोरं सांभाळायला आई, जना, तीही बरोबर जाते. घराला कुलूप लागलं की तांबी दारात बसून राहते, शेजारी देतील ते खाते. मागच्या साली परत आलो तवा निस्ती हाडं उरली व्हती, गोदी म्हणाली, आणि पाटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. बाईंना देऊ का, असं तिने विचारलं नाही. छायाबाईंनीच विचारलं.

दिवाळीनंतरच्या मंगळवारी गोदी आणि कोंडू जीपमधून तांबीला घेऊन आले. आठ वर्षांची, विटकरी रंगाची, एका कानाचं टोक फाटलेलं, गळ्यात सुंभाची दोरी. जात गावठी. वहीतल्या यादीत ती कुठेच बसली नसती. जिना तिने आयुष्यात पाहिला नव्हता, कोंडूने तिला उचलून वर आणलं. निघताना गोदी तांबीच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ बसली. त्यांना पोचवायला छायाबाई खाली आल्या तर अजय उभा होता. गावठी का आणलं, याला आवाज मोठा असतो, तुम्ही तर म्हणाला होता, असं तो बोलू लागला. छायाबाईंनी त्याला थांबवलं.

“मला ऐकू येत नाही, अजय. डावा कान लहानपणीच गेला, उजवाही आता चाललाय. ही भुंकत नाही. दाराशी कोण आलं ते मला सांगायला हवी आहे.”

अजय त्यांच्या उजव्या डाव्याचा विचार न करता नुसता अगदी समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला की आमचे बाबा दोन वर्षं रोज सकाळी तुम्हाला खालून हाक मारून नमस्कार करतात. त्यांना वाटायचं, बाई मोठ्या आहेत, आपल्याशी बोलत नाहीत. छायाबाई तशाच त्याच्या घरात गेल्या. अजयचे वडील पलंगावर टेकून बसले होते. दोन वर्षांचे नमस्कार छायाबाईंनी त्यांना एकदम केले.

पण तांबीला घर मानवेना. फरशीवर तिचे पाय चारी दिशांना घसरायचे, म्हणून ती उंबऱ्याशी पायपुसण्यावर बसली ती तिथून हलेना. दूधभात तिने हुंगलाही नाही. तोंड दाराकडे. दुसऱ्या दिवशीही तसंच. छायाबाई खुर्चीत बसून तिच्या पाठीकडे बघत होत्या आणि त्यांना स्वतःची शरम वाटत होती. माळ्याखाली, उघड्या रानात राहिलेला जीव आपण आपल्या भीतीपायी या डब्यात आणून घातला. परत नेऊन सोडावं म्हटलं तर पाड्यावरचं दार बंद. तिसऱ्या दिवशी त्या बाजारात गेल्या, धान्याच्या दुकानातून रिकामी गोणपाटं आणली, ती उसवून दारापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि तिथून गॅलरीपर्यंत अंथरली. पाहुणे काय म्हणतील हा विचार आला आणि गेला. सकाळ संध्याकाळ तिला जिन्याच्या एकेका पायरीवर थांबवत, हाताने पुढचे पाय उचलून ठेवत, त्या मागच्या पडीक शेतात नेऊ लागल्या. नाचणीची भाकरी केली, सुकटीच्या पाण्यात कुस्करली. पाचव्या दिवशी तांबीने ताट चाटूनपुसून साफ केलं आणि गोणपाटावरून, नदीत दगडांवरून चालावं तशी, सावकाश एकेक पाऊल टाकत सगळं घर बघून आली.

त्यानंतर दोन दिवसांनी, भर दुपारी, छायाबाई तांदूळ निवडत होत्या. कोपराला काहीतरी गार, ओलं लागलं. त्यांनी हात झटकला. पुन्हा लागलं, या वेळी जोरात. तांबी दाराकडे गेली, परत आली, पुन्हा ढोसलं. छायाबाई उठल्या. दार उघडलं तर समोर संगीता, एका हातात वाटी, दुसऱ्या हाताचं बोट अजून बेलवर. संगीताने त्या कुकरच्या दिवसापासून एकदाही विषय काढला नव्हता, उलट रोज काही ना काही निमित्त काढून डोकावून जात होती. छायाबाईंना ते आत्ता एकदम कळलं. त्यांनी तिला आत बोलावलं, आपल्या समोर बसवलं, आणि कपाटातून डबी आणून यंत्र कानात घातलं. तिच्यासमोर. पंख्याची गिरणी सुरू झाली. त्या म्हणाल्या, बोल आता, हळू बोललीस तरी चालेल.

पुढे पुढे छायाबाईंच्या लक्षात आलं की तांबीला दाराचं आणि इतर आवाजांचं वेगळेपण माहीत नाही. कोणता आवाज महत्त्वाचा, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ती सगळंच सांगायची. कोपराला नाक लागलं की छायाबाई उठून शोधायला लागायच्या. शिट्टी झालेला कुकर. खाली आलेली घंटागाडी. गॅलरीच्या गजावर बसून चोच वासणारा कावळा. वरच्या मजल्यावर पडलेली कसलीशी बादली, तिचं पाणी मग जिन्यावरून ओघळत येताना दिसे. एकदा पार नाक्यावरून जाणारी लग्नाची वरात, नाचणाऱ्या पोरांवरून त्यांनी ताशा ओळखला. दाराची बेल तेवढी कळावी एवढीच त्यांची मागणी होती. ही त्यांना दिवसातून वीस वेळा बोलावून सगळं गाव दाखवत होती. मनस्वीला त्यांनी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, त्रासच की गं. छायाबाई म्हणाल्या, असू दे. नाशिकचा विषय तिने त्यानंतर काढला नाही.

गोदीचा भट्टीवरून कधीमधी व्हिडिओ कॉल येतो. तिच्या मागे विटांचे थर दिसतात. तिचा चेहरा उन्हाने रापलेला दिसतो. मागच्या वेळी छायाबाईंनी तिला गोजरचं विचारलं. तो वसईकडे गवंड्याच्या हाताखाली आहे म्हणाली, दोन मुली आहेत, नंबर मिळवून देते. छायाबाईंनी वहीचं मागचं पान काढून तेवीस नावं लिहायला घेतली आहेत. एकोणीस आठवली. उरलेली चार गोदी विचारून सांगणार आहे. प्रत्येकाला भेटून काय म्हणायचं, ते अजून त्यांचं ठरलेलं नाही. आधी भेटू, मग बघू.

काल दुपारी चारच्या सुमाराला तांबीने त्यांना ढोसलं. छायाबाई उठल्या, दार उघडलं, कुणी नव्हतं. शेगडी बंद होती. नळ बंद. गॅलरीतून खाली बघितलं, रस्ता रिकामा, संजू खुर्चीत पेंगत होता. कावळाही नव्हता. यंत्र कानात होतं, त्यातून पंख्याखेरीज काही येत नव्हतं. तांबी गोणपाटाच्या टोकाशी, गॅलरीच्या उंबऱ्यावर उभी होती, माहुलीच्या डोंगराकडे मान करून. फाटका कान टवकारलेला, अंग ताठ, शेपटी अगदी जराशी हलत होती. छायाबाई तिच्याशेजारी खाली बसल्या. तिच्या पाठीवर हात ठेवला. कातडीखाली एक बारीक थरथर येत होती आणि जात होती. त्या बराच वेळ तशा बसल्या. दूर काय वाजत होतं, कोण ओरडत होतं, रानात काय हललं होतं, त्यांना कधीच कळणार नव्हतं. तांबीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, सांगून झालं होतं आणि ती उत्तराची वाट बघत होती.

“ऐकलं गो,” छायाबाई म्हणाल्या. “ऐकलं.”